थंड नळीतली पहिली गोळी

ऑकर्ट नोडेला कुरकुरणारी पवनचक्की सहन होत नसे. दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावर शेतं लांब लांब, पाणी खोल, आणि जिथे पाणी तिथे एक पवनचक्की. त्या दुरुस्त करत तो पन्नाशीला पोचला होता. "पाणी येतंय ना? मग राहू दे की," असं शेतकरी म्हणाला तरी हा पुन्हा शिडी चढायचा, लोखंडाला कान लावायचा, कुठे एखादा नट अर्धा आटा पिळायचा आणि गालाला ग्रीस फासून खाली यायचा. "आता ऐका," म्हणायचा. मग तो आणि तो शेतकरी, दोघंही माना वर करून, काहीच ऐकू येत नाही ते ऐकत उभे राहायचे. सारा तालुका त्याला ऊम ऑकर्ट म्हणायचा, म्हणजे ऑकर्टकाका. त्याच्या वयाचेसुद्धा.

असा माणूस, आणि त्याची स्वतःची बंदूक मात्र त्याचं ऐकत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात रूइपानच्या शिकारीत त्याने एका स्प्रिंगबॉक हरणाला जखमी केलं. रूइपान हे टर्शियस लोम्बार्डचं शेत. चर्चच्या मदतनिधीच्या बझारासाठी लागणारं मांस दरवर्षी तिथूनच येतं, आणि त्या शिकारीच्या ओळीत उभं राहणं म्हणजे गावात माणूस म्हणून उभं राहणं. ऑकर्ट मिसरूड फुटल्यापासून त्या ओळीत होता. नर आडवा उभा होता, वारा नव्हता, नेम खांद्याच्या मागे होता, आणि गोळी लागली वर, मागच्या मांडीत. जनावर तीन पायांवर पळालं. टर्शियसचा मुकादम डाविड डॅनस्टर आणि ऑकर्ट, दोघं रक्ताचे थेंब शोधत दिवस मावळेपर्यंत चालले. सापडलं तेव्हा ते एका काटेरी झुडपाखाली बसलं होतं आणि यांच्याकडे बघत होतं. ती नजर ऑकर्टने कुणाला सांगितली नाही. अलिडाला, बायकोला, न सांगताही कळली.

टर्शियसचा नियम साधा होता. एकदा चूक झाली तर माफ. दुसऱ्यांदा जनावर जखमी केलं, की बंदुकीचा बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो, काढून टर्शियसच्या बायकोच्या, मारिंडाच्या, हातात द्यायचा. तो तिच्या एप्रनच्या खिशात जाई, संध्याकाळी परत मिळे. पण तो माणूस ओळीत परत कधीच येत नसे. यायचंच असेल तर स्वयंपाकघरात यावं, कांदे चिरावेत.

मे महिन्यात, चर्च सुटल्यावर, टर्शियसने ऑकर्टला दारातच गाठलं.

"यंदा पहिल्या थांब्यावर पहिली गोळी तुझी, ऑकर्ट."

"माझी? पहिली?"

"हो. सगळ्यांनाच एकदा कळू दे, तू ओळीत की स्वयंपाकघरात."

"स्वयंपाकघरात पाठवू नका हं," अलिडा मागून म्हणाली. "कांदा चिरताना हा कांदा सोडून सगळं चिरतो."

सगळे हसले. ऑकर्टही हसला. पण घरी आल्यावर रविवारचे बूट न काढताच त्याने कपाटातून बंदूक काढली आणि तिच्याकडे तो पवनचक्कीकडे बघायचा तसं बघू लागला.

"आज रविवार आहे," आतल्या खोलीतून त्याचे वडील ओरडले. "ठेव ती."

त्याने ठेवली. पण सोमवारपासून त्या घरात जे सुरू झालं, त्याला अलिडा पुढे "दुसरं लग्न" म्हणायची.

बंदूक मूळची वडिलांची, वेनांट नोडे यांची. जुनी जर्मन बनावटीची, नळी मात्र नंतर बदललेली, लांब पल्ल्याची. ऑकर्टने प्रथम नळी आणि लाकडी दस्ता यांच्या मधून कागदाची पट्टी सरकवून पाहिली. निम्म्या वाटेतच ती अडकली. "अलिडा! अलिडा, इकडे ये! लाकूड नळीला टेकतंय! पहाटे दंव पडलं की एकीकडे, दुपारी ऊन तापलं की दुसरीकडे. बिचारी नळी सरळ मारणार कशी?"

"तू असा ओरडलास, मला वाटलं तुझा हात तुटला."

झाडूच्या दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून तो संध्याकाळ-संध्याकाळ दस्त्यातली नळीची खाच घासत बसला, नळी कुठेही न टेकता मोकळी राहीपर्यंत. लाकडाचा भुगा अलिडाच्या पिठात गेला. मग दस्त्यात जिथे लोखंड बसतं तिथे त्याने इपॉक्सीचं लुकण भरलं, म्हणजे गोळी सुटताना बंदूक केसभरही हलू नये. लोखंडाला ते चिकटू नये म्हणून त्याला बुटांचं पॉलिश फासायचं असतं; डबीतलं सगळं पॉलिश त्यातच संपलं, आणि म्हातारे वेनांट पांढरट पडलेल्या बुटांनी चर्चला गेले. "माझ्या बुटांपेक्षा बंदूक चकचकीत," ते पाद्रीबाबांना म्हणाले, "पण ती काही भजन म्हणत नाही." बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू काढून, पुसून, पुन्हा बसवले. काडतुसंही तो आता घरीच भरू लागला. दारू तोलायचा काटा अलिडाच्या केकच्या काट्याशेजारी आला. तोलताना खिडकी बंद, दार बंद, आणि अलिडानेसुद्धा श्वास बेताने घ्यायचा. "एक दाणा जास्त पडला," तो चिमट्याने दाणा उचलत म्हणायचा.

"माझ्या केकमध्ये अंडं जास्त पडलं तरी तू खातोस."

"केक तीनशे मीटरवर फेकायचा नसतो."

"तुझ्या बहिणीचा केक फेकता येईल."

दर बुधवारी आणि शनिवारी दोघं घरामागच्या माळावर जात. ऑकर्टने तिथे पवनचक्कीच्या मोडक्या पात्यांपासून एक टेबल केलं होतं, आणि लांब टोकाला एक जाड फळी रोवली होती. फळीवर कागद, कागदावर काळा ठिपका. अलिडा पिकअपमधून तिथे जाई, एका वाटीत मैद्याची खळ आणि तपकिरी कागदाचे तुकडे घेऊन. कारण त्या गावची एक पद्धत होती. नेमबाजीच्या मैदानावर पहिली गोळी मोजायची नाही. ती वाऱ्याला द्यायची, म्हणायचे. हात अजून झोपेत असतो, डोळा थंड असतो. वाऱ्याची गोळी झाली की तिच्या भोकावर कागद चिकटवायचा आणि मग खरी मोजणी सुरू. आजोबा असंच करत, चर्चच्या मागच्या मैदानावर अजूनही असंच करतात, आणि ऑकर्टच्या डोक्यात दुसरं काही कधी आलंच नव्हतं.

आणि खऱ्या गोळ्या काय बसू लागल्या! आधी तळहाताएवढ्या जागेत. मग काड्यापेटीएवढ्या. जूनच्या एका बुधवारी अलिडाने खोकल्याच्या गोळ्यांची डबी फळीवर धरली, तर तिन्ही भोकं झाकली गेली. तिने पिकअपचा हॉर्न वाजवायला सुरुवात केली तो थांबवेचना. लांबवर ऑकर्टने टोपी हवेत उडवली आणि ती वाऱ्याने नेली.

रूइपानच्या शिकारीच्या आदल्या आठवड्यात मात्र घात झाला. एका शेतावर तो पवनचक्कीवर चढलेला असताना शेतकरी खालून ओरडला, "ऊम! कोल्हा! कोकरं खाणारा तोच!" ऑकर्ट शिडीवरून जवळजवळ पडतच खाली आला, गाडीतून बंदूक काढली, बॉनेटवर पिशवी ठेवून टेकवली, श्वास सोडला, चाप दाबला. कोल्ह्याच्या पाठीवरून लांब मागे माती उडाली. कोल्ह्याने वळून बघितलं आणि निघून गेला, घाईसुद्धा केली नाही.

संध्याकाळी तो जेवला नाही.

"बंदूक आता घड्याळासारखी चालते," तो म्हणाला. "म्हणजे बिघडलोय मी."

"तुझा हात थरथरतो," वेनांट म्हणाले. ते ओसरीवर बसून त्याच बंदुकीच्या नळीतून गज फिरवत होते. हे काम त्यांचं. गुडघे गेले, डोळा अधू झाला, मेंढ्या दुसऱ्याच्या झाल्या; पण या घरातली बंदूक कधी मळकी झोपली नव्हती. ऑकर्ट कुठूनही मारून आला की वेनांट हात पुढे करायचे. गज, फडकं, मग तेलाचा भरपूर हात, नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "माझा कधी थरथरला नाही."

"पा, उद्या सकाळी टर्शियसला फोन करतो. यंदा येत नाही म्हणून."

"कर की," अलिडा म्हणाली. "आणि कांदे कुठले आणू तेही विचार."

त्याने फोन केला नाही. शनिवारी दुपारी दोघं शेवटचं म्हणून माळावर गेले. अलिडा फळीपाशी गेली. जुना कागद फाडून नवा लावायचा होता, पण खळीने कागदांचे थर फळीलाच घट्ट बसले होते. ती ते नखांनी खरवडू लागली, आणि थबकली. ठिपक्याच्या आसपास कागद पातळ होता. ठिपक्यापासून वीतभर वर, जरा उजवीकडे, एकाच जागी तुकड्यावर तुकडा, तुकड्यावर तुकडा बसून फोड आल्यासारखा फुगवटा झाला होता. तिने त्यावर बोट फिरवलं. मग ती गाडीकडे न जाता, स्कर्ट गुडघ्यावर धरून, ओरडत पळतच निघाली.

"ऑकर्ट! वारा इतका शहाणा कसा रे?"

"काय झालं?"

"वाऱ्याची गोळी! सगळ्या वाऱ्याच्या गोळ्या एकाच जागी! मीच चिकटवलेत ना कागद, मलाच दिसलं नाही. वारा रोज तिथेच कसा नेईल? हात झोपेत असेल तर एकदा इकडे जाईल, एकदा तिकडे. ही रोज तिथेच! वर आणि उजवीकडे!"

ऑकर्ट टेबलावरून उठला. "वर आणि उजवीकडे," तो म्हणाला. मग हळूच, "तो नर डावीकडे तोंड करून उभा होता."

दोघांच्याही डोळ्यांपुढे तेच आलं. मागची मांडी. कोल्ह्याची पाठ.

"शिकारीत दुसरी गोळी असतेच कुठे," ऑकर्ट म्हणाला, आणि त्याचा आवाज चढू लागला. "आपण सगळे मूर्ख! सगळं गाव! जी एकच गोळी कामाची, तीच आपण मोजत नाही, तिच्यावर कागद लावतो! पण पहिलीच का? पहिलीला काय वेगळं असतं? नळी थंड असते. कोरडी असते..." तो थांबला. "नाही. कोरडी नसते."

"तेल," अलिडा म्हणाली.

"तेल. पहिल्या गोळीतच ते जळून जातं. मग बाकीच्या सरळ!"

आणि तेल म्हणजे पा.

गज आणि तेलाची बाटली वेनांटच्या पलंगाखालच्या कुलूपबंद पेटीत. करून बघायचं तर त्यांनाच आणायला हवं होतं. ऑकर्ट गाडी चालवताना तीनदा घसा खाकरला. "त्यांना सांगू, नळीत काहीतरी दिसतंय. सांगू की तुमचा डोळा हवाय."

"खोटं बोललास तर मी खरं सांगेन," अलिडा म्हणाली. आणि ओसरीची पायरी चढता चढता तिने सांगूनच टाकलं. "पा, तुमच्या तेलामुळे ऑकर्टची पहिली गोळी चुकते असं आम्हाला वाटतंय."

म्हाताऱ्याच्या हातातला कॉफीचा कप बशीवर आपटला. "माझ्या तेलामुळे? मी तिला पन्नास वर्षं तेल घालतोय. मी कधी चुकलो?"

"पा, तुम्ही झुडपाआडून मारायचा," ऑकर्ट म्हणाला. "शंभर पावलांवर. तिथे दोन-तीन बोटं वर गेली तरी हरीण मरतंच. मी तीनशेवर मारतो. तिथे त्याची वीत होते."

"मग जवळ जाऊन मार. रांगता येत नाही का? मी पोटावर रांगायचो."

"रूइपानवर झुडूपच नाही, पा. सपाट ताटासारखं आहे."

 वेनांट उठले, खोलीत गेले, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि डोक्यावर टोपी घालून ते बाहेर आले, काखेत गज. "दाखव. पण चाप मी दाबणार. तुझ्या हातावर माझा विश्वास नाही. आणि सूर्य बुडायच्या आत. उद्या देवाचा वार आहे."

माळावर त्यांनी नळीला नेहमीसारखं तेल दिलं, जरा जास्तच, रागाने. ऑकर्टने त्यांना टेबलामागे खुर्चीवर बसवलं, बंदुकीखाली वाळूच्या पिशव्या लावून दिल्या. म्हाताऱ्याने अधू डोळा मिटला, चांगला दुर्बिणीला लावला, आणि इतका वेळ लावला की अलिडाने ओठ चावून पांढरे केले. बार झाला. ती पिकअपने फळीपाशी गेली आणि तिने दोन्ही हात वर करून उजवीकडे दाखवलं. फुगवटा होता तिथेच.

"फडक्याला हात लावू नका," ऑकर्ट म्हणाला. "आता थांबायचं. नळी पार थंड होऊ द्यायची, तशीच, मळकी."

ते थांबले. थर्मासमधली कॉफी प्याले, त्यात कडक टोस्ट बुडवून खाल्ले. वेनांट अधूनमधून नळीवर तळवा ठेवून बघत, आजारी पोराचं कपाळ बघावं तसं. "थंड आहे," ते शेवटी म्हणाले, आणि पुन्हा नेम धरला. बार झाला. अलिडा पुन्हा पिकअपने गेली आणि तिने फळीकडे बघितलं. मग तिने हात-बित काही दाखवले नाहीत. ती नुसती उड्या मारू लागली, माळावर एकटीच, एप्रनचे बंद उडताहेत.

"ठिपक्यात!" ऑकर्ट ओरडला. "पा, ठिपक्यात! थंड नळी, पहिली गोळी, ठिपक्यात!"

"मला दिसतंय. मी आंधळा नाही." वेनांटनी बंदूक टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "गेल्या वर्षीचं ते जनावर. त्याच्या आदल्या शनिवारी मी तिला दोनदा तेल घातलं होतं. शिकार आहे म्हणून."

 ऑकर्टने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काढ हात. म्हातारा नाही झालो मी." वेनांटनी गज काखेत मारला. "मळकी तर मळकी. पण रविवारी माझ्या छपराखाली मळकी बंदूक झोपणार नाही. शेडमध्ये ठेव, कोंबड्यांजवळ. त्यांना कळत नाही."

सोमवारी पहाटे रूइपानवर गवत दंवाने पांढरं झालं होतं. श्वासाच्या वाफा निघत होत्या. टर्शियसच्या पिकअपच्या मागे सात-आठ माणसं बसली होती, मांडीवर बंदुका, तोंडात टोस्ट. पहिल्या थांब्यावर डाविड डॅनस्टर मोठी दुर्बीण घेऊन टपावर चढला.

"ऊम ऑकर्ट," तो वरूनच म्हणाला, "आज संध्याकाळी मला चालायला लावू नका हं. माझे बूट नवे आहेत."

"डाविड, तुझ्या बुटांची शपथ."

कळप लांब होता, सूर्याच्या बाजूला, पांढऱ्या पोटांची एक रेघ. एक जाड मानेचा नर बाजूला निघाला आणि आडवा उभा राहिला. डावीकडे तोंड, अगदी तसंच.

"लांब आहे," टर्शियस शेजारी कुजबुजला. "सोड. पुढच्या थांब्यावर जवळचा मिळेल. मी काही म्हणणार नाही."

ऑकर्टने वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवली. क्षणभर त्याला मोह झाला: नेम जरा खाली धरावा, जरा डावीकडे. इतकी वर्षं ती वर जात आली होती. हाताला अजून ते पटत नव्हतं. तो स्वतःलाच रागावला. बंदूक खरं सांगते म्हणतोस, मग ऐक तिचं. त्याने दुर्बिणीतला क्रॉस बरोबर खांद्यामागे आणला, श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला.

आवाज माळावर लांबपर्यंत गेला. कळप उधळला, पाठीवरचे पांढरे केस पंख्यासारखे फुलवून हवेत उड्या मारत. नर दिसेना. ऑकर्टला काहीच दिसेना, दुर्बिणीतही नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दंवाचं की कशाचं कोण जाणे.

"डाविड?" टर्शियस म्हणाला.

डाविड दुर्बीण डोळ्याला लावून अजून शोधत होता.

"डाविड!"

"बूट वाचले!" डाविड टपावरून ओरडला. "जागेवर! उभा होता तिथेच बसला, मालक! पायसुद्धा उचलला नाही!"

मग काय झालं ते ऑकर्टला नीट आठवत नसे. तो ओरडला एवढं खरं, आणि तोंडातला टोस्ट कुणाच्या तरी कॉलरमध्ये गेला. माणसं त्याच्या पाठीत गुद्दे मारत होती. तो धावतच तिथे पोचला, बसला, आणि जनावराच्या मानेवर हात ठेवला. गरम होती. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते. खांद्याच्या मागे, जिथे हवं तिथे, एवढंसं भोक.

थांबा संपला की प्रत्येक बंदूक उघडून, नळीतून आभाळ बघून, रिकामी आहे याची खात्री टर्शियस स्वतः करतो. ऑकर्टची बंदूक त्याने डोळ्याला लावली आणि ताबडतोब खाली घेतली.

"अरे, ही काय घाण! एका गोळीची नव्हे ही, नळी साफच केलेली नाही! वेनांट नोडेचा मुलगा, आणि अशी बंदूक घेऊन माझ्या शेतावर?"

"पांनाच विचार," ऑकर्ट म्हणाला. हसू त्याला आवरत नव्हतं. "मला वाटतं, ते आज सकाळपासून फोनजवळच बसलेत."

टर्शियसने एकदा नळीकडे, एकदा माळावर पडलेल्या नराकडे बघितलं. मग बोल्ट बंदुकीत सरकवून ती ऑकर्टच्या हातात दिली. "चल, गाडीत बस. पुढच्या थांब्यावर ओळीत डावीकडून तिसरा उभा राहा."

"तिसरा?"

"मग काय, दर वेळी पहिला तूच?" टर्शियस म्हणाला, आणि डाविडने टपावर थाप मारली तशी गाडी सुरू झाली.